गावच्या भिंतीवर गावचाच निसर्ग: भित्तिचित्राची आखणी, प्रतीकं आणि रंगकाम

भोर तालुक्यातल्या एका शाळेची रस्त्याकडची भिंत मी रंगवत होते. लांबी ४० फूट, उंची ९ फूट. डाव्या कोपऱ्यात पळस फुलवला होता. केशरी फुलं, आणि त्यांना उठाव यावा म्हणून मागे हिरवीगार पानं. डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या एक आजी थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, झाड चांगलं काढलंस. पण पळस फुलतो तवा त्याला पानं कुठं असत्यात?"

आजींचं बरोबर होतं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं. मी फुलांचा एक फोटो आणि पानांचा दुसरा फोटो जोडून असं झाड उभं केलं होतं, जे त्या गावात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पानं बुजवली आणि करड्या, वेड्यावाकड्या फांद्या काढल्या. फुलं आधीपेक्षा जास्त पेटली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. भिंतीवरचा निसर्ग त्या भिंतीपासून पायी फिरता येईल एवढ्या परिसरातला असावा, आणि तो ज्या ऋतूत जसा दिसतो तसाच असावा. प्रतीकं त्यातूनच निघतात. हा लेख त्या नियमाने एक भिंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी करायची याबद्दल आहे. उदाहरण सह्याद्रीच्या पूर्व उताराचं घेतलंय, कारण तो मुलूख माझ्या पायाखालचा आहे. किनाऱ्यावर किंवा विदर्भात पद्धत हीच राहील, झाडं-पाखरं बदलतील.

पहिला आठवडा: ब्रश घरीच ठेवा

आधी परवानगी. भिंत शाळेची, ग्रामपंचायतीची, सोसायटीची, कुणाचीही असो, लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे आणि चांगल्या हेतूने काढलेलं चित्रही परवानगीशिवाय त्यात सापडू शकतं. परवानगीच्या पत्रातच पुढच्या तीन वर्षांची डागडुजी कोण करणार हे लिहून घ्या.

मग भिंतीजवळ सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी येऊन बसा. ऊन कुठून कुठे सरकतं, छज्जाची सावली किती खाली येते, पागोळ्या कुठे पडतात, गाड्यांच्या चाकांचा चिखल किती उंच उडतो, हे कागदावर टिपा. लोक कोणत्या बाजूने येतात तेही बघा. आपण कागद डावीकडून उजवीकडे वाचतो, पण भिंतीला दोन्हीकडून माणसं येतात. सकाळी शाळेत जाणारं पोर आणि संध्याकाळी एसटीतून उतरणारा माणूस या दोघांनाही चित्राची सुरुवात सापडायला हवी.

पाण्याचा पाइप, मीटरची पेटी, खिडकी, भेग हे सगळं मोजून नकाशावर मांडा. या गोष्टी लपवायला गेलं की त्या जास्त दिसतात. पाइपवर झाडाचं खोड घ्या, गोल खिडकीला ढोली करा. त्या शाळेत पाइपच्या बाजूने काटेसावरीचं खोड चढवलं. त्यावरचे शंकूसारखे काटे मुलं आजही बोटांनी चाचपतात.

यादी लोकांकडून घ्या

वहीत चार रकाने करा: झाडं, प्राणी-पक्षी, पाणी आणि दगड, माणसांची कामं. गुराखी, शेतावर जाणाऱ्या बायका, शाळेतली मुलं, वनरक्षक यांना विचारा. "इथं काय सुंदर आहे?" असं विचारलंत तर मोर आणि कमळ हे उत्तर येईल, मग ते गावात असोत वा नसोत. त्याऐवजी विचारा, "पाऊस येणार हे तुम्हाला कशावरून कळतं?", "कोणत्या झाडाखाली बसता?", "लहानपणी दिसायचं आणि आता दिसत नाही असं काय?" मग बहावा निघतो, काजवे निघतात, कावळ्याच्या घरट्याची जागा निघते, बुजलेला ओढा निघतो.

त्या यादीतून सात-आठच गोष्टी घ्या. चाळीस फुटांत चाळीस पक्षी बसवले की तक्ता तयार होतो आणि तक्त्यापुढे कुणी थांबत नाही.

प्रतीक झाडाच्या वागण्यातून काढा

बहुतेक भिंतींवर अर्थ वरून चिकटवलेला असतो: दोन हातांत रोपटं, पृथ्वीच्या गोळ्याला डोळे, आणि खाली घोषवाक्य. मला असं चित्र पटत नाही. ते कुठल्याही गावात उचलून लावता येतं. प्रतीक निवडताना मी दोन प्रश्न विचारते. हा जीव खरोखर काय करतो? आणि इथली माणसं त्याच्याबद्दल आधीपासून काय मानतात? दोन्ही उत्तरं एकमेकांना धरून असली की प्रतीक आपोआप बोलतं.

शेकरूचंच घ्या. आपला राज्यप्राणी म्हणून ते भिंतीवर हमखास येतं, आणि बऱ्याचदा खारीसारखं जमिनीवर बसून दाणे खाताना दाखवतात. शेकरू झाडांच्या शेंड्यांमधून फिरतं, क्वचितच खाली उतरतं. भीमाशंकरच्या जंगलात ते बघायचं तर मान वर करूनच चालावं लागतं. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो. त्यामुळे शेकरूचा अर्थ आहे सलग जंगल. आमच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे फांद्यांची एक अखंड रेघ नेली, आंब्याची फांदी उंबराला, उंबराची जांभळाला, आणि उजव्या टोकाला दोन फुटांची मोकळी जागा ठेवली. शेकरू त्या मोकळ्या जागेपाशी, शेपटी ताणून थांबलेलं आहे. खाली एक अक्षरही लिहिलेलं नाही. चौथीतल्या मुलाने विचारलं, "मॅडम, ते पलीकडं कसं जाणार?"

उंबरावर हरियाल बसवले. राज्यपक्षी म्हणून ते घ्यायचेच होते, पण हिरवं कबूतर नुसतं हवेत उडवण्यात अर्थ नव्हता. हरियाल उंबर-वड-पिंपळाच्या फळांवर थव्याने उतरतात. त्यांचे पाय पिवळे असतात, तेवढे जमले की लांबूनही ओळख पटते. उंबर आपल्याकडे दत्ताचं झाड म्हणून तोडत नाहीत आणि त्याच झाडावर पाखरांची पंगत बसते. श्रद्धा आणि निसर्ग इथे एकाच फांदीवर येतात.

धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड बंद करून घेते, फक्त एक फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. प्रसूतिगृहाच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीसाठी मला याहून चांगलं चित्र माहीत नाही. ढोलीची फट, आतली चोच, बाहेरची चोच आणि मध्ये एक लाल फळ. एवढं पुरतं.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. पहिलीत आलेलं पोर सातवी पास होईपर्यंत एखादाच बहर बघतं. म्हणून शाळेच्या भिंतीवर कारवी मी पायरीपायरीने दाखवते: कोवळी झुडपं, उंच काड्या, आणि शेवटी डोंगरभर जांभळा रंग.

काही ठिकाणी सावध राहा. घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याच्या कामाचं आहे, धान्याच्या गोदामाच्या भिंतीवर शोभेल. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत त्याला अशुभ मानतात, त्यामुळे दवाखान्यासमोर ते काढलं तर आजारी माणसाच्या नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ टोचत राहील. त्यांना शहाणपण शिकवायची ती जागा नाही. उलट कासव कुठेही चालतं. मंदिरात गाभाऱ्यासमोर जमिनीवर कोरलेलं कासव प्रत्येकाने पाहिलेलं असतं. वेळासच्या किंवा गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी समुद्री कासवंही तिथल्या लोकांच्या ओळखीची असतात. किनाऱ्यावरच्या भिंतीवर या दोन ओळखी एका आकारात बसतात.

आणि वारली. निसर्ग म्हटलं की कुणीतरी सुचवतंच, "वारली काढा, सोपं असतं." वारली चित्रांची भिंत मुळात कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि गेरू, अशी असते. त्यावर तांदळाच्या पिठाने, चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र उतरतं. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढतात आणि त्यात पालघट देवी असते. तो चौक देवघराइतकाच गंभीर आहे, कोपऱ्यातली मोकळी जागा भरायची नक्षी म्हणून तो वापरू नये. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आजही पालघर-डहाणू भागात काम करणारे वारली चित्रकार आहेत. वारली हवी असेल तर त्यांना बोलवा, मोबदला द्या आणि भिंतीवर त्यांचं नाव लिहा.

रचना: तीन अंतरांवरून

रस्त्यापलीकडून, म्हणजे ७०-८० फुटांवरून, फक्त मोठे आकार आणि उजेड-अंधार दिसतो. पंधरा फुटांवरून झाड-पाखरं ओळखू येतात. दोन फुटांवर येतं ते लहान मूल. कच्चं चित्र काढताना तिन्ही अंतरांसाठी काहीतरी ठेवा. जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर मुलांच्या डोळ्यांसमोर मुंग्यांची रांग, गोगलगाय, पानामागे लपलेला सरडा अशा बारीक गोष्टी ठेवल्यात तर मोठी माणसंही वाकून बघतात.

मोठ्या आकारांसाठी डोंगर उपयोगी पडतो, पण तो आपला डोंगर असावा. शाळेत शिकलेले तीन टोकदार त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य हा सह्याद्री होत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा मुलूख झाला. म्हणून माथे सपाट, कडे ताशीव, आणि अंगावर आडव्या पायऱ्या. भोरकडून रोहिडा बघा, मग पेन्सिल उचला. त्या आडव्या पट्ट्या रचनेच्याही कामाच्या आहेत, त्या नजरेला भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेऊन जातात.

आमच्या भिंतीची मांडणी वर्षाच्या फेऱ्याची होती. डावीकडे शिमग्याचा पळस, मग बहाव्याचे पिवळे झुंबर, मग काळा ढग आणि त्याखाली काजवे, मधोमध सगळ्यात रुंद भाग श्रावणाचा, आणि उजवीकडे कार्तिकातलं सोनेरी गवत. गवताचा सोनेरी पट्टा पुन्हा पळसाच्या केशरीला जुळतो, त्यामुळे उजवीकडून येणाऱ्यालाही चित्र उलटं वाटत नाही. काजव्यांसाठी काळसर निळ्यावर फिकट पिवळे-हिरवे ठिपके पुरतात. ठिपके सारख्या अंतरावर नकोत. एका झाडावर दाट, दुसऱ्यावर दोन-चारच.

कच्चं चित्र झालं की मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि कृष्णधवल करा. शेकरू मागच्या पानांत हरवलं तर रंग कितीही भडक घेतलेत तरी भिंतीवरही ते हरवणारच. मागची पानं गडद करा किंवा प्राण्यामागे आकाशाचा तुकडा मोकळा सोडा. ही एक तपासणी मी कधीच चुकवत नाही.

अक्षरं लिहायचीच असतील तर दहा फूट अंतराला एक इंच उंची असा अंदाज धरा. तीस फुटांवरून सहज वाचायचं तर तीन इंच.

रंग कुठले टिकतात

अजिंठ्याच्या १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांच्या छतांवर फुलं, फळं, हंस आजही आहेत. त्यातले बरेच रंग मातीचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या मंदिरांवरची कावी तर दोनच रंगांत असते. पांढऱ्या चुन्यावर तांबड्याचा थर देऊन, तो ओला असताना खरवडून फुला-वेलींची नक्षी काढतात. लोहयुक्त मातीचे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत, आणि हे आजच्या डब्यातल्या रंगांनाही लागू आहे. गेरू, तपकिरी, मातकट पिवळा वर्षानुवर्षं राहतात. गडद निळा-हिरवाही चांगला टिकतो. भडक गुलाबी, जांभळा आणि काही लख्ख पिवळे आधी फिके पडतात.

आता अडचण अशी की ताम्हण, आपलं राज्यपुष्प, नेमकं जांभळट-गुलाबी. ते सोडवत नाही. मग दोन उपाय करा. ताम्हण छज्जाखाली, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही तिथे घ्या. आणि पांढऱ्या रंगात स्टेनरच्या, म्हणजे छटा देणाऱ्या दाट रंगाच्या, बाटल्या पिळून गुलाबी बनवू नका, बाहेरच्या भिंतीसाठीची शेड दुकानात मशीनवरच काढून घ्या.

हिरव्याचा एकच डबा आणू नका. मृगाच्या पावसानंतरचं पोपटी, आंब्याचं काळपट, करवंदाच्या जाळीचं चकचकीत गडद आणि दिवाळीनंतर पिवळसर पडलेलं गवत, हे चार हिरवे वेगळे ठेवलेत की ऋतू न सांगता कळतात. एकूण आठ-नऊ रंगांत भागवा. बाकीचे त्यांच्यातूनच मिसळा, म्हणजे सगळी भिंत एका उजेडात उभी राहते.

भिंतीची तयारी

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि चित्राचं आयुष्य हिच्यावरच ठरतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणून घाईत काम करून घेतलं गेलं. भिंतीमागे मातीचा भराव होता आणि पाणी निघायला वाट नव्हती. मी सांगितलं, पण थांबायला कुणी तयार झालं नाही, आणि मीही ऐकलं. पहिल्याच पावसाळ्यात ओल आली. खंड्याच्या निळ्या पाठीवर फुगे धरले, मग पोपडे सुटले. आजही ती जागा बघवत नाही मला. आता ओल असेपर्यंत मी रंगाचा डबा उघडत नाही.

ओल तपासायला दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आत दव धरलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. ते कुठून येतं हे शोधा: मागचा भराव, गळका पाइप, की भिंतीच्या माथ्यावरची भेग. कुंपणभिंतीचा माथा सिमेंटने, बाहेर थोडा उतार देऊन बंद करून घ्या.

जुन्या भिंतीवर तळहात घासा. पांढरं लागलं तर तो चुना किंवा भुकटी झालेला रंग आहे. त्यावर नवा रंग धरत नाही, पूर्ण खरवडावा लागतो. लोणा, म्हणजे भिंतीवर फुलून येणारा पांढरा क्षार, लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि काही दिवस पुन्हा फुलतो का ते बघा. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून घासा, स्वच्छ धुवा, नीट वाळू द्या. नवं प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस थांबा. मग भेगा भरणं, गरजेपुरतीच बाहेरच्या कामाची पुट्टी, प्रायमरचा एक हात, आणि पायाच्या रंगाचे दोन हात.

आमची भिंत ३६० चौरस फूट होती. दोन हातांना लिटरमागे ५० चौरस फूट धरले की सव्वासात लिटर रंग होतो, आठ आणावा. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, खडबडीत भिंत जास्त पिते.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. एप्रिल-मेच्या दुपारी भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो.

चित्र भिंतीवर उतरवणं

कागदावर एका फुटाला अर्धा इंच हे प्रमाण घेतलं तर ४० बाय ९ फुटांची भिंत २० बाय साडेचार इंचात बसते. कागदावर अर्ध्या-अर्ध्या इंचाचे चौकोन आखा. भिंतीवर ओळंबा सोडून उभ्या रेषा घ्या आणि गवंडी मारतात तशी नीळ लावलेली दोरी मारून एक-एक फुटाचे चौकोन पाडा. चौकोनांना कडेने आकडे द्या. मग चौकोनामागून चौकोन, खडूने. शंभर पावलांवर जाऊन बघा, चुकलेली फांदी आत्ताच पुसा. पक्की रेघ पाणी घातलेल्या गेरूच्या रंगाने घ्या.

वरचं काम परांचीवरूनच करा. शिडीवर उभं राहून एका हातात डबा आणि एका हातात ब्रश असं चार तास काम कुणालाही करू देऊ नका.

रंग लांबून जवळ या क्रमाने चढवा: आकाश, डोंगर, मागची झाडी, मग पुढची झाडं, आणि शेवटी पाखरं. मिसळलेल्या प्रत्येक रंगाच्या डब्यावर नाव आणि प्रमाण लिहा, आणि थोडा रंग झाकण घट्ट लावून डागडुजीसाठी राखून ठेवा.

ताम्हणाचं एक फूल कसं काढायचं ते सांगते, बाकीच्या फुलांना याच पद्धतीने भिडता येतं. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी बुडाशी देठासारखी बारीक आणि बाहेर पसरलेली. कडा कुरकुरीत, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या. आधी सहाही पाकळ्या मधल्या जांभळ्याने सपाट भरा. त्या ओल्या असतानाच बुडाकडे गडद रंग ओढा. वाळल्यावर एक इंची ब्रश जवळजवळ कोरडा करून, फिक्या रंगाने कडेवरून थरथरत्या हाताने फिरवा, म्हणजे चुण्या पडतात. शेवटी मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, ठिपक्या-ठिपक्यांनी. दूरवरून तो पिवळा ठिपकाच फुलाला जागं करतो.

खालचे दोन फूट मातीच्याच रंगात ठेवा. तांबूस-तपकिरी, त्यात दगड, मुळं, वारूळ. चिखल उडाला तरी तो चित्रात मिसळून जातो. वरून पारदर्शक संरक्षक थर द्यायचा की नाही हे ओलीवर ठरवा. भिंत खणखणीत कोरडी असेल तर द्या. थोडीही शंका असेल तर देऊ नका, आत अडकलेलं पाणी सगळा थर घेऊन सुटतं.

नंतरची वर्षं

दर पावसाळ्यानंतर, भिंत वाळली की मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा. सुटलेले पोपडे तेवढेच खरवडून प्रायमर लावा आणि राखलेल्या डब्यातला रंग द्या. कुठे काय दुरुस्त केलं ते शाळेच्या एका वहीत तारखेसह लिहीत जा.

त्या शाळेच्या भिंतीवर उजवीकडे, सोनेरी गवताच्या वर, मी एक फूट उंचीची रिकामी पट्टी सोडली आहे. दर वर्षी जानेवारीत सातवीची मुलं त्यात एक पक्षी काढतात. अट एकच: तो त्यांच्यातल्या निदान तिघांनी शाळेच्या आवारात स्वतः पाहिलेला हवा, आणि पाहिल्याची तारीख वहीत हवी. आत्तापर्यंत बुलबुल, दयाळ आणि भारद्वाज आलेत. भारद्वाजाची शेपटी जरा जास्तच लांब झाली आहे, पण डोळा अगदी बरोबर लाल आहे.